संक्रांत, भोगी, बोरन्हाण, नाताळ: लहान मुलांसोबत थंडीतले सण घरी आणि बालवाडीत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिसेंबर लागला की मला मेसेज सुरू होतात, ताई बोरन्हाणात काय टाकायचं, ताई वर्गात गॅस नाही तर तिळगूळ कसा करू, ताई बाळ फार रडलं तर. दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून या वेळी सगळं एका जागी लिहून काढलं. मी बालवाडीत वीस वर्षं आहे, त्यामुळे जे लिहिलंय ते दीड ते सहा वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवून. एखाद्या उत्तरात अर्धीच गोष्ट सापडली तर पुढचा कुठला प्रश्न बघायचा ते तिथेच सांगितलंय.

१. थंडीतले सण म्हणजे नेमके कुठले धरायचे? सगळेच करायला जमत नाही.

सगळे करूच नका. 25 डिसेंबरला नाताळ, जानेवारीच्या मध्यावर भोगी-संक्रांत-किंक्रांत हे तीन दिवस ओळीने, आणि मग रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण, हळदीकुंकू. त्याआधी घरोघरी मार्गशीर्षातले गुरुवार, चंपाषष्ठीचं वांग्याचं भरीत-रोडगा, दत्तजयंती असतेच. माझं मत विचाराल तर घरी एक आणि वर्गात दोन, एवढंच धरा पण मुलांच्या हाताने होऊ द्या. मोठ्यांनी स्टेज सजवायचं आणि मुलांनी त्यावर उभं राहून फोटो काढायचा, याला मी ॲक्टिव्हिटी म्हणत नाही.

२. संक्रांत कधी 14 ला, कधी 15 ला, असं का? सर्क्युलर काढताना गोंधळ होतो.

सूर्य मकर राशीत जातो त्या वेळेवर ते ठरतं. आपले बाकीचे बहुतेक सण चंद्रावर चालतात, हा सूर्यावर, म्हणून इंग्रजी तारीख जवळपास तीच राहते, फक्त ती वेळ दरवर्षी काही तासांनी पुढेमागे होते आणि कधी दुसऱ्या दिवसावर जाते. 2024 मध्ये 15 जानेवारी होती, 2025 आणि 2026 मध्ये 14. आदल्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी किंक्रांत. रथसप्तमी मात्र तिथीवर, माघ शुद्ध सप्तमी, त्यामुळे ती बरीच हलते. 2025 मध्ये 4 फेब्रुवारीला होती आणि 2026 मध्ये 25 जानेवारीलाच. म्हणजे बोरन्हाणाला कधी तीन आठवडे मिळतात कधी दीडच, कॅलेंडर बघूनच हॉल बुक करा.

३. एरवी सणाला काळं नको म्हणतात मग संक्रांतीलाच काळं का? मुलांना काय सांगायचं?

थंडीतला सण, काळं कापड ऊन जास्त शोषून घेतं, म्हणून ऊब मिळते, एवढं मुलांना पुरे. पण सांगू नका, दाखवा. एक काळा आणि एक पांढरा रुमाल सकाळी दहाच्या उन्हात खिडकीत वाळत घाला, वीस मिनिटांनी मुलांना दोन्हीवर हात ठेवायला सांगा. गेल्या वर्षी आमच्या छोट्या गटातल्या एकीने काळा रुमाल उचलून सरळ गालाला लावला आणि तिथून हलेचना, मग प्रत्येकाला तो गालाला लावून हवा होता. आणि काळे कपडे विकत आणाच असं पालकांवर टाकू नका, काळी टोपी, काळी रिबन काहीही चालतं.

४. बोरन्हाण म्हणजे काय आणि कसं करायचं? आमच्या घरी कोणी सांगायला नाही.

साधं आहे. साधारण पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचं करतात, बहुतेक घरी पहिल्या संक्रांतीला. संक्रांत ते रथसप्तमी यामधला कुठलाही सोयीचा दिवस, शक्यतो संध्याकाळ. खाली स्वच्छ चादर, त्यावर पाट, मुलाला काळं झबलं किंवा फ्रॉक आणि हलव्याचे दागिने घालून बसवायचं, औक्षण करायचं, मग बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, हलवा असं एकत्र केलेलं डोक्यावरून हळूहळू ओतायची रीत आहे. आजूबाजूची मुलं ते गोळा करतात आणि खरा सण तोच असतो, ती लूट. मोसमातली फळं, शेंगा मुलांनी खाव्यात, थंडी बाधू नये, हा त्यामागचा जुन्या बायकांचा हिशोब.

ओतायचं म्हणजे खरंच हळू, आणि थोडं थोडं. वाटीने ओतण्यापेक्षा ओंजळीने सोडा. बोरं आणि उसाचे तुकडे टाळूवर लागतात, म्हणून रीत असली तरी ते डोक्यावरून टाकूच नका, पाटाभोवती पसरा, डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या. कोणत्या वयाला काय द्यायचं ते पुढच्या प्रश्नात.

५. लुटीतलं कुठलं खाणं कुठल्या वयाला चालतं? घशात अडकायची भीती वाटते.

भीती बरोबर आहे, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. अख्खे शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, हलवा, बी असलेली बोरं, गोल गोळ्या-चॉकलेटं, पॉपकॉर्न हे काहीही चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. दाढा पुरत्या आलेल्या नसतात, चावता येत नाही, आणि लुटीच्या गडबडीत मूल पळता पळता, हसता हसता तोंडात टाकतं, तेव्हाच अडकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मधही नको, कोणी आजी प्रेमाने बोटाने चाटवायला आली तरी नको म्हणा.

मग काय ठेवायचं? दोन वर्षांच्या पुढे बी काढून बारीक चिरलेलं बोर, मऊ तिळाचा लाडू कुस्करून, केळं, उभे चार भाग केलेली द्राक्षं. चुरमुरे मोठ्या मुलांना चालतात, रांगणाऱ्या बाळांना तेही नकोत. मी आता लूट अशी करते की मुलांनी सगळं आपापल्या कागदी पिशवीत भरायचं, खायचं मात्र नंतर एका जागी बसून, पिशवी आधी आईला दाखवून. मुलं हे सहज पाळतात कारण त्यांना गोळा करण्यातच खरी मजा असते.

एकदा एका घरगुती बोरन्हाणात माझ्यासमोर अडीच वर्षांच्या मुलाला रेवडी अडकली होती. आवाज येत नव्हता, तोंड लाल, आणि खोलीत वीस बायका गप्पा मारत होत्या, कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला मांडीवर पालथं घेऊन डोकं खाली करून दोन खांद्यांच्या मधे तळव्याने जोरात थापट्या मारल्या, तिसऱ्या-चौथ्याला निघाली. तेव्हापासून लूट चालू असताना एका मोठ्या माणसाचं काम फक्त मुलांच्या तोंडाकडे बघणं, त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, आत बोट घालून काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत जाते. आवाजच बंद झाला तर थापट्या सुरू करा आणि दुसऱ्या कोणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा.

६. बाळ पाटावर बसतच नाही, रडतं. फोटोग्राफर बोलावलाय, काय करू?

उठवा त्याला. आईच्या मांडीवर बसवून करा, दागिने काढून टाका, पाच मिनिटांत आटपा. अनोळखी वीस चेहरे, टोचणारा मुकुट, डोक्यावरून काहीतरी पडतंय, आणि झोपेची वेळ, कुठलंही दहा महिन्यांचं बाळ रडणारच. झोप झाल्यावर आणि पोट भरल्यावरची वेळ धरा, आधी दोन दिवस घरात खेळ म्हणून डोक्यावर दोन-दोन चुरमुरे टाका, ते हसायला लागतं. फोटो हवेच असतील तर पाहुणे यायच्या आधी काढून घ्या. रडणाऱ्या लेकराला धरून ठेवून फोटो काढलेले मला बघवत नाहीत हो, खरंच सांगते.

७. हलव्याचे दागिने घरी करता येतात का? बाजारात फार महाग आहेत.

येतात. हलवा विकतच घ्या, तो घरी करणं म्हणजे शेगडीवर परातीत तीळ किंवा साबुदाणा किंवा खसखस घेऊन चमचा-चमचा पाक सोडत तासन् तास हाताने फिरवत बसायचं, थंडी चांगली असेल तरच काटा येतो. बायका दोन-दोन दिवस ते काम करतात. दागिन्यांसाठी पाव किलो हलवा एका मुलाला भरपूर होतो. जाड पुठ्ठा कापून त्यावर काळं कापड, कडेला सोनेरी लेस, आणि गमने हलवा चिकटवत जायचं. मुकुट, बाजूबंद, हार, कंबरपट्टा, कृष्णाची बासरी. सुईने भोक पाडायला जाऊ नका, हलवा फुटतो.

दोन गोष्टी अनुभवाच्या. हार गळ्यात बांधू नका, झबल्यावरच टाके घालून टाका, मानेला काचत नाही आणि ओढला तर गळ्याला फास बसत नाही. आणि गम लावलेला हलवा खाण्याचा नाही, बाळ बाजूबंद सरळ तोंडात घालतं, म्हणून दागिने दहा मिनिटांच्या वर अंगावर ठेवूच नका. पाच-सहा वर्षांच्या मोठ्या भावंडाला हे काम द्या, बहिणीसाठी मुकुट करतोय म्हणून ते तासभर जागचं हलत नाही.

८. वर्गात गॅस नाही. मुलांकडून तिळगूळ कसा करून घ्यायचा?

गॅस नाही तेच बरं. पाकातले लाडू मुलांकडून कधीच करून घेऊ नका. गुळाचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि बोटाला चिकटून राहतो, माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचं बोट माझ्या डोळ्यांदेखत भाजलं, त्यानंतर वर्गात पाक आणला नाही.

बिनपाकाचे करा. घरून तीळ आणि शेंगदाणे भाजून न्या. वाटीभर तिळाला अर्धी वाटी दाण्याचं कूट, पाऊण वाटी किसलेला साधा मऊ गूळ (चिक्कीचा नको), चमचाभर तूप, वेलची. तीळ मिक्सरला अर्धेबोबडे फिरवले की तेल सुटतं, त्यातच गूळ घालून एकदा फिरवा, ते आपोआप वळायला येतं. यात बोराएवढे पंचवीस-तीस लाडू होतात. मुलांनी हात धुवायचे, तळव्याला तुपाचं बोट लावायचं आणि वळायचे. कोणाचा चपटा होतो, कोणाचा शंखासारखा, कोणी वळता वळता अर्धा चाटून टाकतं. ते नीट करत बसू नका, ज्याचा त्याने केलेला त्यानेच डबीत घालून घरी न्यायचा, आजीला द्यायचा आणि गोड बोला म्हणायचं.

छोट्या गटाला यातलं एकच काम द्या, गूळ-तीळ एकत्र कालवणं. आणि हे ठरवायच्या आधी प्रश्न १४ नक्की वाचा.

९. भोगीला वर्गात काय करता येईल? फक्त बाजरीची भाकरी डब्यात आणा एवढंच सांगतो.

भोगी तर मला संक्रांतीहून जास्त आवडते, कारण भाजी निवडणं हे बालवाडीचं उत्तम काम आहे. वांगी, गाजर, पावटा, वालपापडी, घेवडा, ओले हरभरे, बोरं असं प्रत्येक मुलाकडून मूठ-मूठ मागवा. सगळं मोठ्या परातीत ओता आणि मुलांना भोवती बसवून रंगाने वेगळं करायला लावा, मग शेंगा सोलायला. पावट्याची शेंग सोलायला बोटांची जी चिमूट लागते तीच उद्या पेन्सिल धरायला लागते. हरभऱ्याच्या घाट्यांना आंबट खार असतो, मुलं बोटं चाटून तोंड वाकडं करतात आणि पुन्हा चाटतात. हरभरे सोलून झाले की मात्र लगेच उचलून घ्या, कारण प्रश्न ५ मध्ये सांगितलंय.

सोललेली भाजी मावशींकडे किंवा एखाद्या आईकडे शिजवायला, तिळाचं कूट घालून, आणि दुसऱ्या डब्यात तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर. घरी वांगं बघून पळणारी मुलं आपण सोललेलं म्हणून ती भाजी खातात. "न खाई भोगी तो सदा रोगी" मुलांना पाठ होतं एका दिवसात.

१०. तीन वर्षांच्या मुलाला पतंग उडवायला द्यायचा का?

गच्चीवर नाही, मांजा तर अजिबात नाही. नायलॉनच्या आणि काचेचा थर दिलेल्या सिंथेटिक मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि दरवर्षी माणसांचे गळे, पक्ष्यांचे पंख कापतात. नाशिक-येवल्याकडे संक्रांतीला आभाळ पतंगांनी भरलेलं असतं, ते लांबून दाखवा, आनंद तेवढाच. खाली मुलांना कागदी पिशवीचा पतंग द्या, पिशवीच्या तोंडाशी दोन बाजूंना भोकं, साधा सुती दोरा, मागे क्रेपच्या पट्ट्यांची शेपटी, आणि मैदानात पळायचं. वारा आत भरून ती फुगते आणि मागे तरंगते, तीन वर्षांच्या मुलाला हाच पतंग खरा वाटतो. पाच-सहाच्या मुलांना हिराच्या झाडूच्या काड्या आणि पतंगाचा कागद देऊन बसवा, दोन काड्यांचा कणा तुम्ही बांधा, कागद ते चिकटवतील. मैदानात दोरा अडकलेला दिसला की गुंडाळून कचऱ्यात टाकायचा, हे मुलांचं कामच करून टाका.

११. "दिवस तिळातिळाने मोठा होतो" हे लहान मुलांना कळेल असं कसं दाखवू?

सावलीने. दिवस मोठा होत जातो तशी दुपारची सावली आखडते. अंगणात एक मीटरची काठी उभी गाडा आणि दर सोमवारी वर्ग साडेबाराला सुटताना सावलीच्या टोकाला दगड ठेवा किंवा खडूने रेघ मारा. आमच्या पुण्यात 22 डिसेंबरच्या सुमारास त्या वेळी सावली साधारण 90 सेंटीमीटर पडते, जानेवारीच्या शेवटी 73 च्या आसपास. म्हणजे मुलांच्या वितीने एका वितीहून जास्त फरक, मुलं पाऊल ठेवून मोजतात आणि ओरडतात की सावली आखडली. मोठ्यांसाठी एवढंच, दिवस मोठा व्हायला खरी सुरुवात 22 डिसेंबरच्या आसपास होते, संक्रांतीला नाही, म्हणून काठी सुट्टीच्या आधीच गाडा.

१२. नाताळ वर्गात करायचा का? काही पालक नको म्हणतात, काही म्हणतात सांताच हवा.

करावा, आणि आपल्याकडचा करावा. नाताळ म्हणजे फक्त लाल टोपी आणि कापसाचा बर्फ नाही. वसईत, गोव्यात घरोघरी गोठा मांडतात, दारात कागदाची मोठी चांदणी लावतात, नेवऱ्या आणि दोदोल करून शेजारी ताटं पाठवतात. गोव्यातली मुलं गोठ्यात हिरवं शेत दिसावं म्हणून आधीच नाचणी पेरून ठेवतात, अगदी आपण दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव-मोहरी टाकतो तसंच. हे सांगितलं की नको म्हणणारे पालकही ऐकतात. वर्गात नारळाच्या करवंटीत माती घालून डिसेंबरच्या दहा-बारा तारखेला नाचणी पेरा, रोज पाणी शिंपडायला पाळी लावा, 24 पर्यंत छान पोपटी गवत तयार. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा पडून असेलच, त्यावर नवा पतंगी कागद लावला की चांदणी तयार. वर्गात कोणी ख्रिस्ती पालक असतील तर त्यांना येऊन गोठ्याची गोष्ट सांगायला बोलवा.

१३. वर्गात हळदीकुंकू ठेवावं का? मुसलमान मुलं आहेत, एका मुलाचे वडील मागच्या वर्षी गेले.

हळदीकुंकू म्हणून ठेवूच नका, तिळगूळ समारंभ ठेवा आणि सगळ्या आयांना, आज्यांना, बाबांनाही बोलवा. ज्या मुलाच्या आईला बोलावलं नाही ते मूल दारात उभं राहून बाकीच्यांच्या आया बघत असतं, ते मी एकदा पाहिलंय आणि ते चित्र डोक्यातून जात नाही. वाण द्यायचं तर सगळ्यांना एकच, एखादं रोप किंवा मुलांनी गेरू-खडूने रंगवलेलं सुगड, त्यात मूठभर बोरं, गाजर, ओंबी. तीळ आणि गूळ बहुतेक घरी वर्ज्य नसतात. कोणाला कुंकू लावायचं ते घरी.

१४. मुलाला तिळाची ॲलर्जी असेल तर?

तर वर्गात तीळ आणू नका, त्या मुलाला बाजूला बसवून बाकीच्यांना देणं हा उपाय नाही. तिळाची ॲलर्जी गंभीर असू शकते, अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणं, उलट्या, श्वास लागणं. श्वास लागला किंवा जीभ सुजली तर वाट न बघता दवाखाना. पहिल्यांदाच तीळ खाणाऱ्या बाळाला ते घरी, दिवसा, अगदी थोडं द्या, बोरन्हाणाच्या गर्दीत नको. वर्गात खोबरं-गूळ, राजगिऱ्याच्या लाह्या-गूळ असं वळता येतं, शेंगदाण्याचीही ॲलर्जी विचारून घ्या. डिसेंबरमध्येच पालकांकडून हे लेखी घेऊन ठेवायचं.

१५. आम्ही परदेशात असतो. बोरं, हलवा मिळत नाही, नर्सरीत काही नेऊ देत नाहीत.

नर्सरीचं बरोबर आहे. युरोप आणि ब्रिटनमध्ये तीळ हा लेबलवर लिहावाच लागणारा ॲलर्जीचा पदार्थ आहे आणि अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तो तसा धरला जातो. मग तिथे खाण्याऐवजी सावली (प्रश्न ११) किंवा काळा-पांढरा रुमाल (प्रश्न ३) न्या, शिक्षिकांना फार आवडतं. बर्फात ऊन नसेल तर टॉर्च. घरच्या बोरन्हाणाला चुरमुरे, फुलांच्या पाकळ्या, छोटी खेळणी, संत्री. दागिने कापसाच्या बारीक गोळ्यांचे करा, दिसतात अगदी हलव्यासारखे, फक्त पक्के चिकटवा, गोळी सुटून बाळाच्या हाती लागता कामा नये. तारीख तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असेल त्या रविवारी धरली तरी चालतं, रथसप्तमी उलटायच्या आत असलं की झालं.

१६. किंक्रांतीला बोरन्हाण चालतं का? सुतक आलं तर? पहिल्या वर्षी राहून गेलं तर?

किंक्रांत करिदिन मानतात, म्हणून बरेच जण तो दिवस सोडतात, तुमच्याकडे आजी मानत असतील तर सोडा, दुसरे दिवस आहेत. सुतक फिटल्यावर रथसप्तमीच्या आत करता येतं, नाही जमलं तर पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी राहिलं तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी बिनधास्त करा, उलट त्या वयाला मुलाला स्वतःला मजा कळते. जुळी असतील तर दोन पाट, एकाच वेळी.

१७. नंतर उरलेल्या बोरांचं, चुरमुऱ्यांचं, दागिन्यांचं काय करू? टाकवत नाही.

चादर आधी स्वच्छ घातली असेल तर काहीच वाया जात नाही. बोरं धुवून, मीठ-गूळ लावून उन्हात ठेवा. चुरमुरे चाळून, पुन्हा भाजून भडंग. शेंगा उकडून टाका. दागिने मुंग्यांच्या आधी घट्ट झाकणाच्या डब्यात, त्यात दोन लवंगा टाकून, ओल लागली नाही तर पुढच्या संक्रांतीला शेजारच्या बाळाला होतात. आमच्याकडचा एक मुकुट असा पाच बाळांच्या डोक्यावरून फिरून आलाय, बाजूचा हलवा थोडा पिवळा पडला होता तो या वर्षी मोठ्या गटातल्या मुलांनी काढून नवा लावला.